ऐकलेले भय

मनुष्य ज्या ज्या गोष्टींपासून दूर पळू पाहतो त्यांत भयाचा क्रम बहुधा पहिला लागेल. दाराला कडी, शेताला कुंपण, राज्याला सैन्य आणि देवाला नवस ह्या सर्वांच्या मुळाशी शोध घेतला तर भयापासून सुटण्याची इच्छाच आढळते. असे असूनही तोच मनुष्य तिकीट काढून अंधाऱ्या चित्रगृहात जाऊन बसतो, दोन अडीच तास आपणांस कोणी घाबरवावे म्हणून पदरचे पैसे मोजतो, आणि घाबरविणारा आपल्या कामात कच्चा निघाला तर पैसे फुकट गेले म्हणून कुरकुरत घरी परततो. ही विसंगती नवी नव्हे. भरतमुनींनी आठ रसांत भयानकास स्थान दिले तेव्हा ती त्यांच्या ध्यानात होती. करुणा आणि भय ह्यांच्या उद्रेकातून चित्ताची शुद्धी होते असे ॲरिस्टॉटलने लिहिले तेव्हा तोही हेच कोडे सोडवीत होता. वर्गात हा विषय आम्ही पुष्कळ वर्षे शिकवीत आलो आहो, आणि जी गोष्ट पुष्कळ वर्षे शिकविली ती आपणांस समजली आहे अशी शिक्षकाची सहजच समजूत होते. गेल्या पावसाळ्यात मुळशीस घालविलेल्या दोन दिवसांनी आमची ती समजूत काहीशी ढिली केली. त्याची हकीकत आणि त्यातून सुचलेले विचार वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

आषाढाचा उत्तरार्ध होता. आमच्या एका स्नेह्यांचे छोटेसे घर मुळशीच्या जलाशयाच्या काठी, ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. पिरंगुट मागे पडून पौड ओलांडले की पावसाचा स्वभावच बदलतो. पुण्याचा पाऊस येतो आणि जातो. मुळशीचा पाऊस येतो आणि राहतो. डोंगराच्या कडांवरून उतरणारे पांढरे ओहोळ, भातखाचरांत गुडघाभर चिखलात वाकलेली माणसे, आणि धुक्यात मध्येच दिसणारे व मध्येच नाहीसे होणारे ते विस्तीर्ण पाणी, एवढाच काय तो देखावा. संध्याकाळी वीज गेली. ज्या पाण्यापासून वीज उत्पन्न होते त्याच्याच काठी आम्ही मेणबत्ती लावून बसलो होतो, ह्यातील गंमत त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

गप्पांचे विषय संपल्यावर आमच्या कन्येने आपल्या मोबाईलवर एक संगीत लावले आणि ते लहानशा ध्वनिवर्धकाला जोडून दिले. ते होते ‘तुंबाड’ ह्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत. गाणे नव्हे, प्रसंगांच्या मागे वाजणारे, ज्याकडे प्रेक्षकाचे सहसा लक्ष जात नाही असे वाद्यवृंदाचे संगीत.

ह्या चित्रपटाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो ज्या वेळी प्रथम आला त्या वेळी आमच्यासारख्यांच्या घरांतून त्याची फारशी वास्तपुस्त झाली नाही. राही अनिल बर्वे ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांच्या सप्ताहाचा आरंभ त्याने झाला होता. त्याच्या जन्मास नारायण धारप ह्यांच्या भयकथेची प्रेरणा आहे, आणि नाव वाचताच मराठी वाचकास श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या कादंबरीचे स्मरण होते. कथा मात्र अगदी निराळी. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ, कोकणातील सतत पावसात भिजणारा एक वाडा, आणि त्याच्या पोटात दडलेला हस्तर नावाचा देवपुत्र. त्याने सोन्याचा लोभ धरला, ते त्याला मिळाले. पुढे त्याने धान्याचाही लोभ धरला आणि तेथे तो शापित झाला. कणकेच्या बाहुलीवर त्याची भूक गुंतवून त्याच्या कमरेच्या मोहरा चोरणारा विनायक, आणि बापाकडून ती विद्या शिकणारा त्याचा मुलगा, ह्यांची ही गोष्ट आहे. आम्ही तो चित्रपट पाहिला तेव्हा चित्रगृहात मोजकीच डोकी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा मात्र पहिल्या खेपेहून अधिक लोकांनी तो पाहिला. सहा वर्षांनी का होईना, त्याचे देणे फिटले. पार्श्वसंगीत येस्पर किड ह्या डॅनिश संगीतकाराचे आहे. संगणकावरील खेळांना संगीत देण्यात त्याने नाव मिळविले. डेन्मार्कच्या मनुष्याने कोकणातल्या वाड्यातील भय स्वरांत कसे पकडावे हा प्रश्न निराळाच आहे. त्याने ते पकडले एवढे खरे.

मंद्र सप्तकातील तंतुवाद्यांचा एक दीर्घ, जड स्वर, त्यावर हळूहळू चढत जाणारी, परंतु शिखरास पोचण्यापूर्वीच थांबणारी लाट, मध्येच निःस्तब्धता. बाहेर पाऊस चाललेलाच होता, आणि कोणता आवाज पत्र्यावरचा व कोणता पेटीतला हे काही वेळाने कळेनासे झाले. पाच-सात मिनिटांनी आमचे स्नेही उठले आणि त्यांनी पाण्याकडची खिडकी लावून घेतली. “पाणी आत येतंय,” असे ते म्हणाले. वास्तविक वारा उलट दिशेचा होता.

आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, आमच्या स्नेह्यांनी ‘तुंबाड’ पाहिलेला नव्हता. आम्ही बापलेक घाबरलो असतो तर त्याचा उलगडा सोपा होता: स्वर कानी पडताच पाहिलेली चित्रे डोळ्यांपुढे आली आणि भय हे त्या चित्रांचे होते. परंतु ज्याने हस्तर पाहिला नाही त्याने खिडकी का लावावी? त्याला कशाचे भय वाटले? हाच प्रश्न त्या रात्री आम्हांस झोप येऊ देईना.

आमच्या साहित्यशास्त्रात भयानकाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरणाचे उदाहरण घेतले आहे. दुष्यंताच्या बाणापुढे धावणारे ते हरीण पाहताना प्रेक्षकास जे भय प्रतीत होते ते ‘मी भ्यालो’ असे नसते, ‘ते हरीण भ्याले’ असेही नसते, आणि ‘हा माझा शत्रू’ किंवा ‘हा माझा मित्र’ असा संबंधही त्यात नसतो. देश, काल आणि व्यक्ती ह्यांची बंधने गळून पडलेले निखळ भय तेवढे उरते, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. ह्या विवेचनाची सूक्ष्मता वादातीत आहे. परंतु अभिनवगुप्ताजवळ निदान एक हरीण होते. आमच्या स्नेह्यांजवळ काय होते? ना हरीण, ना बाण, ना राजा. केवळ संगीत ऐकणाऱ्यापाशी साधारणीकरण करावयास मूळची विशेष वस्तूच नसते. तेथे भय प्रथमपासूनच निराधार, निराकार असे येते.

ह्याचे उत्तर शोधताना आम्हांस तंबोऱ्याची आठवण झाली. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा षड्ज हे श्रोत्याचे घर असते. गायक कितीही दूर भटकला, अवघड वळणे घेऊ लागला, तरी घर कोठे आहे हे श्रोत्यास ठाऊक असते, आणि ठाऊक असते म्हणूनच त्या भटकंतीची मौज वाटते. समेवर परतल्यावर मान डोलते ती घरी पोचल्याच्या समाधानाने. भयाच्या संगीतातही खाली असाच एक दीर्घ स्वर धरलेला असतो. परंतु त्याला खेटून, अर्ध्या सुराच्या अंतरावर, दुसरा स्वर असा आणून बसविलेला असतो की हे घर आपले की परक्याचे ह्याचा निर्णय होत नाही. कान परतावयास निघतो आणि परतण्याची जागाच सापडत नाही. शिवाय ह्या संगीतात सम येईल असे वाटते आणि ती टळते. पुन्हा येईल असे वाटते आणि पुन्हा टळते. मनुष्याला वस्तूपेक्षा वस्तूची चाहूल अधिक भिवविते. रात्री दाराशी कोण आहे हे दिसले की भयाचे रूपांतर राग, पळ किंवा हास्य ह्यांपैकी कशात तरी होते. ‘कोणी तरी आहे’ एवढेच कळते तोपर्यंतच ते शुद्ध भय असते. संगीताला वस्तू दाखविताच येत नाही. त्याच्याजवळ असते ती नुसती चाहूल, आणि म्हणून ह्या एका बाबतीत ते चित्राहून आणि शब्दाहून बलवान ठरते. त्यातून डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. आणि डोळा समोरचेच पाहतो, तर कान पाठीमागचेही ऐकतो.

तर मग हे आवडते का? न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून वाङ्मयीन आनंदाची जी मीमांसा केली ती येथे उपयोगी पडते. आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावणे, ह्याला त्यांनी सविकल्प समाधी असे नाव दिले. मेणबत्तीच्या उजेडात, कोरड्या घोंगडीवर, हातात चहाचा पेला घेऊन बसलेला मनुष्य आपली भूमिका पुरी सोडीत नाही. आपण सुरक्षित आहो हे त्याला ठाऊक असते, आणि तरीही सुरक्षितता नसलेल्या जगाचा वारा त्याच्या अंगावरून जातो. घरात बसून वादळ अनुभवण्याचा हा आनंद आहे. आम्ही वर्गात येथवर येऊन थांबत असू. प्रश्न सुटला असे वाटे आणि घंटाही होत असे.

परंतु त्या रात्री समोर वर्ग नव्हता, कन्या होती. आणि हल्लीची मुले घंटेची वाट पाहत नाहीत. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आवडतं का ते सांगितलंत. पण हे करणं योग्य आहे का? पडद्यावर काय चाललंय ते मला कळण्याआधीच मला काय वाटलं पाहिजे ते हे संगीत ठरवून टाकतं. ही फसवणूक नव्हे?”

प्रश्न वाटला त्याहून अवघड होता. सौंदर्याचा म्हणून आम्ही हाताळीत असलेला विषय तिने एका वाक्यात नीतीच्या प्रांतात नेऊन ठेवला. आणि तिचा आक्षेप घेणारी ती पहिली नव्हे. पुण्याच्याच प्रभात कंपनीत व्ही. शांताराम ह्यांनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला, तेव्हा वरून जोडलेले पार्श्वसंगीत त्यांनी दूर ठेवले. प्रसंगात ज्याचा उगम आहे तोच ध्वनी प्रेक्षकाच्या कानी पडावा, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीचे दुःख प्रेक्षकास समजावे म्हणून सारंगीला रडावयास लावण्याची त्यांना जरूर भासली नाही. उलट बाजूस हिचकॉकचे उदाहरण आहे. १९६० सालच्या ‘सायको’मधील स्नानगृहाचा प्रसंग संगीतावाचून ठेवावा असे त्याच्या मनात होते, बर्नार्ड हरमन ह्या संगीतकाराने केवळ तंतुवाद्यांसाठी लिहिलेली ती किंकाळीसारखी रचना त्याला ऐकविली, आणि हिचकॉकने आपला विचार बदलला. आज त्या प्रसंगाचे नाव काढताच लोकांस प्रथम चित्र आठवत नाही, तो आवाज आठवतो. शांताराम आणि हिचकॉक, दोघेही आपल्या कलेचे जाणते. आणि दोघांनी एकाच प्रश्नास दोन उत्तरे दिली.

आक्षेपाचे बळ किती आहे हे पाहण्यासाठी एक प्रयोग मनातल्या मनात करून पाहावा. सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत निघालेल्या मुलाचे साधे चित्र घ्या आणि त्याखाली ते मंद्र स्वर वाजवा. मुलावर काही संकट येणार असे तरी आपणांस वाटेल, नाही तर त्या मुलाविषयीच संशय उत्पन्न होईल. चित्रात काहीही बदललेले नाही. आपला निर्णय मात्र बदलला. म्हणजे हे स्वर पुरावा नव्हेत. ते वकिलाच्या आवाजातील चढउतारासारखे आहेत. न्यायाधीशाने त्यांना भुलू नये अशी अपेक्षा असते आणि न्यायाधीशही मनुष्यच असल्यामुळे तो थोडाफार भुलतोच. चित्रपट सोडून द्या. वर्तमानपत्राचा मथळा, सभेतील वक्त्याचा कंप पावणारा गळा, रात्रीच्या बातम्यांच्या मागे वाजणारे ढोल, ह्या सर्वांनी आज आपल्या मागे एक अखंड पार्श्वसंगीत लावून दिले आहे, आणि कोणत्या शाळकरी मुलाकडे संशयाने पाहावे हे पुष्कळदा तेच ठरविते. कन्येचा प्रश्न केवळ करमणुकीपुरता नव्हता.

तरीही सगळेच पार्श्वसंगीत फसवे आहे हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. कीर्तनात बुवा आख्यानाच्या ऐन प्रसंगी थांबतात, मृदंगाचा ठेका बदलतो, आणि हरिश्चंद्राच्या कथेत पुढे काय येणार हे शंभर वेळा ऐकलेले असूनही श्रोत्यांच्या पोटात कालवाकालव होते. तेथे आपण फसलो असे कोणास वाटत नाही. का वाटत नाही? कारण मृदंग काढून घेतला तरी हरिश्चंद्राचे दुःख दुःखच राहते. ठेक्याने त्याला वजन आणले. वस्तू नवी निर्माण केली नाही. आमच्या मते कसोटी ही: संगीत काढून घेतल्यावर निर्णय टिकतो की नाही? टिकत असेल तर संगीताने आपल्याला सत्याकडे लवकर आणि खोल नेले. टिकत नसेल तर त्याने आपल्याला चकविले. ‘तुंबाड’ ह्या कसोटीला उतरतो असे आम्हांस वाटते. बाप आपल्या लहानग्या मुलास कणकेची बाहुली कशी मळावी आणि मोहरा कशा लुटाव्या हे शिकवितो, हा प्रसंग संपूर्ण निःशब्द करून पाहावा. तो तितकाच, कदाचित अधिक, भयंकर वाटेल. हस्तराहून तेथे भिण्यासारखा तो वारसा आहे. स्वर त्याच्याकडे बोट दाखवितात इतकेच.

हे उत्तर कन्येस पटल्यासारखे दिसले, आणि आमचेही समाधान झाले. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची दुसरी बाजू पुढे आली. ती आमच्या शास्त्रात बसेना.

पाऊस उघडला होता. रात्री जे पाणी आम्हांस काळेकभिन्न, काही तरी पोटात धरून बसलेले असे वाटले होते, तेच सकाळच्या उन्हात इतके प्रसन्न दिसत होते की कालच्या आपल्या भयाची लाज वाटावी. पाणी तेच होते. काल त्याखाली स्वर वाजत होते, आज वाजत नव्हते. आमच्या प्रयोगातील शाळकरी मुलगा आम्हांस प्रत्यक्ष भेटला असे आम्ही कन्येस म्हणालो, आणि ह्या कोटीवर खूष होऊन रस्त्यावरील टपरीत चहाला गेलो. तेथे एक म्हातारे गृहस्थ दुधाची किटली घेऊन बसले होते. कोठले, कोण, अशी चौकशी झाल्यावर त्यांनी पाण्याकडे हात केला. “त्ये समूर पानी दिसतंय न्हवं, तितं आमचं जुनं गाव व्हतं, सायेब. आजा सांगायचा. घर, जोतं, समदं.” आणि लागलीच टपरीवाल्याकडे वळून, “साखर कमी टाक रं,” असे म्हणाले.

दोन वाक्यांच्या मध्ये त्यांच्या आवाजात कसलाही फरक पडला नाही. गावाचे बुडणे आणि चहातली साखर ही एकाच सुरात सांगितली गेली. पिढ्या उलटल्यावर दुःखाचे असेच होते. परंतु आम्ही मात्र चमकलो, आणि चमकलो ते स्वतःविषयी. आम्ही सुमारे तीस वर्षे मुळशीस येत आहो. विद्यार्थ्यांच्या सहली आणल्या, कुटुंबासह आलो, पाहुण्यांना हे पाणी अभिमानाने दाखविले. मुळशीचा सत्याग्रह पुस्तकातून वाचलाही होता. पण ह्या पाण्याकडे पाहताना तो आम्हांस एकदाही आठवला नव्हता. आणि काल रात्री ह्याच पाण्याला भिऊन खिडकी लावली गेली, ती एका डॅनिश संगीतकाराने कल्पिलेल्या हस्तरासाठी.

जे वाचले होते ते थोडक्यात सांगतो. मुळा आणि नीला ह्या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने धरण बांधण्याचे ठरविले. पाणी सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून खाली भिरा येथे सोडावे आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज उत्पन्न करून ती मुंबईस पुरवावी, अशी ती योजना होती. पन्नासांहून अधिक गावांना तिची झळ लागणार होती, आणि त्यांत आंबेमोहोराची उत्तम भातशेते होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापती’ हे नाव ह्याच लढ्याने दिले. बायाबापड्या बांधकामावर जाऊन बसल्या, माणसे तुरुंगात गेली, पुण्यात सभा झाल्या. १९२४ च्या अखेरीपर्यंत लढा रेंगाळत चालला आणि मग थांबला. १९२७ साली धरण पुरे झाले, भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. राजेंद्र व्होरा ह्यांनी ह्या लढ्याचा साक्षेपी अभ्यास केला आणि जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणून त्याची नोंद करून ठेवली. ज्या १९२१ साली केळकर बडोद्यास परभावाशी तादात्म्य पावण्याच्या आनंदाची मीमांसा करीत होते, त्याच साली पुण्यापासून काही कोसांवर हे चालले होते.

येथे वाचकांनी आमच्यावर उलट आरोप करू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धरण बांधणारे ते हस्तर, आणि गावकरी ती कणकेची बाहुली, असा सोपा हिशेब आम्ही मांडीत नाही. तसे करणे म्हणजे इतिहासाखाली भयपटाचे संगीत वाजविणे होय, आणि त्याचाच तर आम्ही वर निषेध केला. मुंबईच्या गिरण्यांवर आणि घरांतल्या दिव्यांवर लाखो लोकांचे संसार चालले. दगडी कोळशाच्या धुरापेक्षा पडत्या पाण्याची वीज बरी, ह्यातही तथ्य आहे. आणि चित्रगृहात पडदा उजळतो तो विजेनेच; भिण्याचा आनंद लुटावयास आम्ही जातो तेव्हा त्या उजेडाचे मोल कोणी, कोठे दिले ते विचारीत नाही. तात्पर्य, लोभ तेथे होता आणि गरजही होती, आणि त्यांची सीमारेषा एखाद्या बापाने मुलाचा हात धरून दाखवावी इतकी ठळक नव्हती. ज्या वर्षी ‘तुंबाड’ आला त्याच वर्षी, महिन्याभराने, प्रवीण तरडे ह्यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमिनी विकल्या गेल्यावर शेतकऱ्याच्या मुलाचे काय होते हा त्याचा विषय होता. तुंबाडची मोहर आणि मुळशीचा गुंठा ह्यांतले नाते त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही. आमच्या स्नेह्यांचे ते काठावरचे घरही शेवटी एका गुंठ्यातच उभे आहे, आणि त्याच्या ओसरीवर बसून आम्ही रसचर्चा केली.

आमच्या कसोटीत राहिलेली उणीव ही अशी. संगीत काढून घेतल्यावर निर्णय टिकतो का, एवढेच आम्ही विचारले होते. ज्या गोष्टींना कधी संगीत लाभलेच नाही त्यांचे काय, हे आम्ही विचारले नाही. आयुष्यातील बहुतेक खऱ्या आपत्ती मुक्याने येतात. कागदावर सही होते, मोजणीदार साखळी टाकतो, नोटीस चावडीवर लागते. ह्यांपैकी कशाच्याही मागे मंद्र स्वर वाजत नाही. ज्याचे कान संगीताने सूचना दिल्यावाचून सावध होत नाहीत, त्याच्या डोळ्यांदेखत गाव बुडेल आणि तो देखाव्याची तारीफ करील. आम्ही तीस वर्षे तेच केले.

विल्यम जेम्स ह्या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने मानसशास्त्रावरील आपल्या १८९० सालच्या ग्रंथात एका रशियन बाईची गोष्ट सांगितली आहे. ती नाट्यगृहात नाटकातील पात्रांच्या दुःखाने अश्रू ढाळीत असते, आणि बाहेर तिचा गाडीवान आपल्या जागेवर थंडीने गोठून मरत असतो. जेम्स एवढ्यावर थांबत नाही. जो स्वतः वादक नाही त्याने संगीताचा अति नाद केला तर त्याचाही शीलावर शिथिल करणारा परिणाम होतो, असे तो बजावतो. आणि उपाय असा सुचवितो की, मैफलीत उठलेली कोणतीही भावना मागाहून कृतीत उतरविल्याशिवाय राहू देऊ नये. मग ती कृती घरातल्या वृद्ध आत्याबाईशी दोन गोड शब्द बोलण्याइतकी क्षुल्लक का असेना. तरुणपणी हे वाचले तेव्हा आम्हांस ते थोडे हास्यास्पद वाटले होते. कुठे बीथोव्हेन आणि कुठे आत्याबाई! आज वाटते की जेम्स त्या ठिकाणी जितका गंभीर होता तितका क्वचितच असेल. कलेने जागविलेले भय किंवा करुणा ही उसनी घेतलेली रक्कम आहे. ती खऱ्या व्यवहारात फिरली नाही तर मनुष्य भावनेच्या बाबतीत श्रीमंत दिसतो आणि असतो कफल्लक.

मग ‘तुंबाड’चे ते स्वर ऐकणे सोडावे काय? तसे मुळीच नव्हे. त्या रात्री ते ऐकले नसते तर सकाळी त्या म्हाताऱ्यांच्या एका सपाट वाक्याने आम्ही चमकलो असतो की नाही ह्याची आम्हांस शंकाच आहे. पाण्याच्या पोटात काही असू शकते हे कानाला प्रथम त्या संगीताने सांगितले. काय आहे ते मात्र त्याला सांगता आले नाही, आणि ते सांगणे त्याचे कामही नव्हे. कलेतील भय ही तालीम आहे. तालमीत घाम गाळलेला मनुष्य कुस्ती जिंकेलच असे नाही. पण तालमीलाच जो कुस्ती समजतो तो आखाड्यात उतरतच नाही, आणि आम्ही सुशिक्षित लोक बहुधा ह्या दुसऱ्या जातीचे असतो. भयाची भूक कृत्रिम भयाने नित्य भागत गेली की खऱ्या भयाच्या जागी, जेथे भिणे आणि भिऊन काही करणे हे कर्तव्य असते तेथे, मन तृप्त होऊन स्वस्थ बसते. कणकेच्या बाहुलीवर हस्तराची भूक गुंतते ती अशीच.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कन्येसह पुन्हा टपरीवर गेलो. म्हातारे गृहस्थ भेटले. बुडालेल्या गावांची नावे त्यांना ठाऊक आहेत का असे विचारले, तेव्हा त्यांना प्रथम नवल वाटले. मग त्यांनी बोटे मोडीत, आठवीत, मध्येच चुकून आणि पुन्हा दुरुस्त करून, काही नावे सांगितली. कन्येने ती वहीत लिहून घेतली. एका ठिकाणी ते बराच वेळ थांबले. आजीचे माहेर कोठले ते त्यांना आठवेना, आणि ते आठवेना ह्याचे त्यांना सकाळच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक वाईट वाटले असे दिसले. ह्यात आम्ही फार मोठे काही केले असे नाही. जेम्सच्या आत्याबाईइतकेच ते लहान आहे. वही आमच्या टेबलावर आहे. राहिलेली नावे कोणास ठाऊक असतील त्याचा शोध ह्या दिवाळीच्या सुटीत करावयाचा आहे.

रात्री कन्येने तेच संगीत पुन्हा लावले. पाऊस परत सुरू झाला होता. आमचे स्नेही खिडकीपर्यंत गेले, क्षणभर उभे राहिले, आणि ती तशीच उघडी ठेवून परत येऊन बसले.